खंडाच्या वह्या आणि वर्कहाऊसची रजिस्टरं: आयर्लंडच्या दप्तरखान्यांतून

सोमवार, डब्लिन

मावशी सोलापूरला भूमी अभिलेख कार्यालयात होती, सगळी नोकरी मोजणीचे नकाशे, फेरफार आणि सातबाऱ्यात गेली. रिटायर झाल्यावर पहिल्यांदाच माझ्याकडे आली आणि आल्या आल्या म्हणाली, "अगं ते किल्लेबिल्ले राहू देत, इथल्या जमिनीचे जुने कागद कुठं ठेवलेत ते दाखव." मला तर हेच हवं होतं. मी कधीपासून सुट्टीच्या दिवशी नॅशनल लायब्ररीत जाऊन इथल्या जमीनदारांच्या इस्टेटींचे कागद वाचत बसते आणि ऑफिसात कुणाला सांगितलं तर लोक नुसते मान हलवतात. मग ठरवलं की इस्टेटीचे कागद आणि पुअर लॉ युनियनचे (गरिबांच्या मदतीसाठी देशाचे जे भाग पाडले होते त्यांचे) कागद दोन्ही जोडीनं बघायचे, कारण एकटं एक वाचलं की अर्धीच गोष्ट कळते हे माझं ठाम मत आहे.

आधी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर या कागदांचं मोल लक्षात येणार नाही. 30 जून 1922 ला, यादवी युद्धाच्या सुरुवातीला, डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतलं पब्लिक रेकॉर्ड ऑफिस स्फोटात आणि आगीत गेलं. शेकडो वर्षांचे दस्त, आणि 1821 ते 1851 च्या जनगणनांचे बहुतेक सगळे कागद. 1861 ते 1891 चे तर सरकारनंच आधी नष्ट केले होते, त्यामुळे पूर्ण जनगणना मिळते ती थेट 1901 आणि 1911 ची. म्हणजे 1845 ते 1852 चा जो मोठा दुष्काळ, ज्यात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि तेवढीच देश सोडून गेली, त्या काळातल्या साध्या माणसाचं नाव शोधायचं कुठे? तर जे कागद तेव्हा डब्लिनच्या त्या इमारतीत नव्हते तिथे. जमीनदाराच्या वाड्यातल्या कचेरीत नाहीतर गावोगावच्या वर्कहाऊसमध्ये, म्हणजे गरिबांना ठेवून काम करून घ्यायच्या इमारतींमध्ये.

नॅशनल लायब्ररी किल्डेअर स्ट्रीटवर. रीडर्स तिकीट फुकट मिळतं, हस्तलिखितांच्या खोलीत पेन चालत नाही, पेन्सिलच लागते. आम्ही कूलॅटिन इस्टेटीच्या स्थलांतराच्या वह्या बघायला बसलो. कूलॅटिन म्हणजे विकलो परगण्यातली अर्ल फित्झविल्यमची इस्टेट, सुमारे 80 हजार एकर, परगण्याचा पाचवा हिस्सा जवळपास, आणि मालक राहायचा इंग्लंडात यॉर्कशरला. 1847 ते 1856 मध्ये या इस्टेटीनं आपल्या खर्चानं सहा हजारांच्या आसपास माणसं कॅनडाला पाठवली, बहुतेक न्यू रॉस बंदरातून क्वेबेकला. वहीत कुटुंबप्रमुखाचं नाव, बायकोमुलांची नावं आणि वयं, गाव, जमीन किती, आणि घराचं काय करायचं. घर पाडायचं, हे ठिकठिकाणी लिहिलंय. बोटीचं भाडं मिळायचं ते घर मोकळं करून दिल्यावरच, आणि पाडलेल्या घरात परत कुणी येऊन राहू शकत नाही.

मावशीनं तीन-चार पानं बघितली आणि म्हणाली, "हे कारकुनाचं अक्षर बघ, एकाही ओळीवर हात थांबलेला नाही." ती अशाच गोष्टी बघते. मला घरातल्या माणसांची वयं दिसत होती, साठीची आजी आणि तान्हं पोर एकाच यादीत, आणि तिला दिसत होतं की हे रोजचं काम होतं, सवयीचं.

मंगळवार, डब्लिनच

बिशप स्ट्रीटवरचं नॅशनल आर्काइव्हज. इथं डब्लिनच्या दोन्ही युनियनची, नॉर्थ डब्लिन आणि साउथ डब्लिन, दाखल झालेल्या लोकांची रजिस्टरं आहेत. साउथ डब्लिन युनियनचं वर्कहाऊस जिथं होतं तिथं आज सेंट जेम्सेस हॉस्पिटल आहे, माझी ऑफिसची बस रोज त्याच्या जवळून जाते.

पुअर लॉ थोडक्यात सांगते. 1838 मध्ये लंडनच्या पार्लमेंटनं कायदा केला, आयर्लंडचे 130 भाग पाडले, प्रत्येक भाग म्हणजे एक युनियन (पुढे त्या 163 झाल्या), प्रत्येक युनियनला एक वर्कहाऊस, आणि ते चालवायला बोर्ड ऑफ गार्डियन्स. पैसा कुठला, तर त्याच भागातल्या जमिनीवरच्या पट्टीतून. गरिबाला मदत हवी तर त्यानं घरदार सोडून वर्कहाऊसमध्ये येऊन राहायचं आणि काम करायचं. आत मुद्दाम असं ठेवायचं की कुणी सुखासुखी येऊ नये. बहुतेक इमारती जॉर्ज विल्किन्सन नावाच्या एकाच आर्किटेक्टच्या, त्यामुळे देशभर त्या एकाच धाटणीच्या दिसतात.

रजिस्टर हे भलंमोठं, उघडलं की टेबल भरतं. डावीकडून उजवीकडे ओळ वाचत जायची: नंबर, नाव, पुरुष की बाई, वय, लग्न झालंय का, मूल असेल तर अनाथ की टाकून दिलेलं, धंदा, धर्म, काही अपंगत्व, नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव, मुलं किती, आला तेव्हा अवस्था काय होती, कुठल्या इलेक्टोरल डिव्हिजनचा (युनियनचा पोटभाग) आणि कुठल्या गावाचा, दाखल तारीख, आणि शेवटी बाहेर पडल्याची किंवा मेल्याची तारीख. अवस्थेच्या रकान्यात फाटके कपडे, मळकट, ताप. काही ठिकाणी दाखल आणि मृत्यू यांच्यात चार दिवसांचंही अंतर नाही.

मावशीचं बोट मात्र डिव्हिजनच्या रकान्यावर अडलं. "हे कशाला? माणूस उपाशी आलाय, त्याचा गट नंबर कशाला हवा?" खरा प्रश्न हाच आहे. कारण त्या माणसाचा खर्च त्याच्या डिव्हिजनच्या खात्यावर टाकायचा, आणि मग त्या डिव्हिजनमधल्या जमिनीवरची पट्टी वाढायची. 1843 नंतर नियम असा होता की ज्याच्या जमिनीचं मूल्यांकन चार पौंडांपर्यंतच आहे त्या कुळाची पट्टी जमीनदारानं भरायची. म्हणजे ज्याच्या इस्टेटीवर बारीक कुळं जास्त त्याच्या डोक्यावर बोजा जास्त, आणि बोजा कमी करायचा सोपा उपाय म्हणजे कूळच उठवायचं. मी समजावून सांगितलं तशी ती गप्प झाली आणि परत पहिल्या पानापासून तो एकच रकाना वाचत बसली.

संध्याकाळी लिफी नदीच्या काठानं चालत फोर कोर्ट्स बघितलं (घुमट परत बांधलाय), मग कस्टम हाऊसजवळच्या धक्क्यावरचे दुष्काळाचे पुतळे, 1997 चे. फोटो काढायला गर्दी असते तिथं. आम्ही लवकर घरी आलो, दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं होतं.

बुधवार, स्ट्रोक्सटाउन

गाडीनं दोनेक तास. रॉसकॉमन परगण्यातलं हे छोटं गाव, पण रस्ता एवढा रुंद की आपल्याकडचा आठवडी बाजार त्यात आरामात मावेल, आणि रस्त्याच्या टोकाला कमान, कमानीतून आत महोन घराण्याचा वाडा. 1979 मध्ये घराण्यातल्या शेवटच्या बाईंनी वाडा विकला आणि घेतला तो जिम कॅलरी नावाच्या तिथल्याच धंदेवाईक माणसानं, त्याला आपल्या गॅरेजसाठी जागा हवी होती. कचेरीत कागदांचे ढीग सापडले, पन्नास हजारांच्या वर. त्यातला एक हातात आल्यावर त्यानं ठरवलं की हे फेकायचं नाही, आणि त्यातून 1994 मध्ये इथं नॅशनल फॅमिन म्युझियम उभं राहिलं. मला या माणसाबद्दल फार आदर आहे. अभ्यासक नव्हता, सरकारी माणूस नव्हता, पण कागद ओळखला.

तो कागद म्हणजे क्लूनाही गावच्या कुळांचा ऑगस्ट 1846 चा अर्ज. बटाट्याचं पीक दुसऱ्यांदा सडलं होतं. अर्जात म्हटलंय की आमची घरची माणसं आमच्या डोळ्यांदेखत हाल काढतायत, खायला मागणाऱ्यांचं रडणं आता आम्हाला ऐकवत नाही, बटाटे सडले आणि धान्य घरात नाही. मी हा अर्ज आधी कितीदा वाचलाय, पण मावशीला मराठीत सांगताना माझा आवाज गेला. ती म्हणाली, "असले अर्ज आमच्या रेकॉर्ड रूममध्ये पण आहेत, गठ्ठ्याच्या तळाशी."

पुढचं वाचा. मेजर डेनिस महोनला ही इस्टेट 1845 मध्ये वारशानं मिळाली, कर्जात बुडालेली आणि खंडाची थकबाकी वर्षानुवर्षांची. त्याचा कारभारी जॉन रॉस महोन (आडनाव तेच, पण तो डब्लिनहून नेमून आणलेला). त्यानं हिशोब मांडला की या माणसांना वर्षभर वर्कहाऊसमध्ये पोसण्यापेक्षा कॅनडाला पाठवायला साधारण निम्मा खर्च येतो. हा हिशोब कागदावर आहे, कुणी मागाहून लावलेला अर्थ नाही. 1847 च्या मे महिन्यात 1,490 माणसं निघाली, रॉयल कालव्याच्या काठाकाठानं डब्लिनपर्यंत चालत, इस्टेटीचा माणूस बरोबर, कुणी मागे फिरू नये म्हणून. डब्लिनहून लिव्हरपूल आणि तिथून क्वेबेक. त्यातली व्हर्जिनियस बोट, 476 उतारू, वाटेतच 158 मेले.

त्याच वर्षी 2 नोव्हेंबरला डेनिस महोनला घरी परतताना वाटेत गोळी घातली. आणि तो परतत कुठून होता? रॉसकॉमनच्या बोर्ड ऑफ गार्डियन्सच्या मीटिंगहून. मला नेहमी वाटतं की इस्टेट आणि युनियन ही दोन वेगळी दप्तरं आहेत असं मानणाऱ्यानं एवढी एक ओळ वाचावी. जमीनदार तोच, गार्डियन तोच, पट्टी भरणारा तोच, आणि कूळ उठवणाराही तोच.

वाड्यात स्वयंपाकघर आहे, वरून गॅलरी, बाईसाहेब वरूनच आठवड्याचा मेनू खाली टाकायच्या म्हणे. नोकरांनी दिसू नये म्हणून ये-जा करायला भुयार आहे. गाईड छान सांगत होती पण आमचं लक्ष खंडाच्या वहीच्या पानावर. गाव, कुळाचं नाव, आधीची थकबाकी, मे आणि नोव्हेंबरचे हप्ते, सूट, वसूल, शिल्लक, आणि सगळ्यात उजवीकडे शेरा. मावशीला एकही इंग्रजी शब्द सांगावा लागला नाही, रकाने बघूनच ती वाचत गेली. शेऱ्यात कूळ गेलं, घर पाडलं, आणि मग पुढच्या वहीत ते नावच नाही. "नाव कमी केलं, पण फेरफाराची नोंद कुठंय?" असं तिनं विचारलं. ती नोंद इथं नसते मावशी, ती असेल तर वर्कहाऊसच्या रजिस्टरात.

गुरुवार, पोर्टुम्ना

मुक्काम रॉसकॉमनमध्येच करून सकाळी खाली गॉलवे परगण्यात, शॅनन नदीच्या काठी पोर्टुम्ना. इथलं वर्कहाऊस जवळपास अख्खं शिल्लक आहे आणि आयरिश वर्कहाऊस सेंटर म्हणून बघता येतं. हे उघडलं 1852 मध्ये, म्हणजे दुष्काळाचा जोर ओसरल्यावर, त्यामुळे हजारोंची गर्दी या भिंतींनी बघितली नाही. पण रचना तीच.

गाईडनं आम्हाला आत यायच्या दारापाशी उभं केलं. इथं कुटुंब यायचं आणि इथंच फुटायचं. बाप पुरुषांच्या अंगणात, आई बायकांच्या, मुलगे तिसरीकडे, मुली चौथीकडे, मध्ये उंच भिंती, फक्त दोन वर्षांच्या आतलं मूल आईजवळ. अंगावरचे कपडे काढून घेऊन वर्कहाऊसचे द्यायचे. वर झोपायची खोली, लांबलचक, खाट नाही, दोन बाजूंना थोडी उंच केलेली लाकडी फळी आणि मध्ये चालायला खोलगट पट्टा. मावशी त्या फळीच्या कडेला हात लावून उभी राहिली बराच वेळ. मग मुलींच्या अंगणात गेलो. भिंत एवढी उंच की पलीकडून हाक ऐकू यावी पण माणूस दिसू नये. मला त्या भिंतीचा राग आला, खरंच आला, कारण ती चुकून तशी झालेली नाही, नकाशात काढून बांधलेली आहे.

आणि हेच गाव क्लॅनरिकार्डच्या मार्क्विसांच्या (मार्क्विस ही सरदारकीची पदवी) इस्टेटीचं. पहिल्या मार्क्विसची बायको हॅरिएट कॅनिंग, म्हणजे आपल्याकडे 1857 मध्ये गव्हर्नर जनरल असलेल्या लॉर्ड कॅनिंगची सख्खी बहीण. कॅनिंगला मूलबाळ नव्हतं, त्याची मालमत्ता भाच्याकडे आली आणि त्यानं आडनावाला कॅनिंग जोडलं. हा भाचा म्हणजे दुसरा मार्क्विस, लंडनला राहणारा, इस्टेटीवर जवळजवळ कधीच न फिरकणारा, खंडात सूट द्यायला साफ नकार देणारा. 1886 मध्ये जवळच्या वुडफर्डला त्याच्या माणसांनी कुळं उठवली तेव्हा शेकडो पोलीस आणावे लागले, लोकांनी घरं आतून बंद करून खिडक्यांतून उकळतं पाणी ओतलं. वुडफर्डवरून आम्ही गाडीनं गेलो, शांत गाव आहे, थांबलो नाही फार.

गॉर्टजवळ कूल पार्कला मात्र थांबलो. घर आता नाही, झाडं आणि तळं आहे. इथला विल्यम ग्रेगरी, 1847 मध्ये खासदार असताना त्यानं पुअर लॉच्या दुरुस्तीत एक कलम घालून घेतलं: ज्याच्याकडे पाव एकराहून जास्त जमीन आहे त्याला सरकारी मदत नाही. मदत हवी तर जमीन सोड. म्हणजे पोरांच्या तोंडात घास घालायचा तर कसायची जमीन जमीनदाराला परत द्यायची, आणि जमीन गेली की घरही बहुतेक गेलंच. खंडाच्या वह्यांत 1847 नंतर जमीन सोडल्याचे जे शेरे वाढतात त्यांच्यामागे हे कलम आहे. पुढे तो सिलोनचा गव्हर्नर झाला.

मावशी गाडीत बसल्यावर म्हणाली, "आमच्याकडे 1 एप्रिल 1957 ला कृषक दिन, कसेल त्याची जमीन, यांना कधी मिळाली?" इथं 1903 चा विंडहॅम ॲक्ट हा मोठा टप्पा, सरकारनं कुळांना कर्ज दिलं, जमीनदारांना पैसे दिले आणि हप्ते कुळांनी वर्षानुवर्षं फेडले.

शुक्रवार, गॉलवे

पाऊस आडवातिडवा. गॉलवे काउंटीच्या युनियनची मिनिट्स बुकं स्कॅन करून ऑनलाइन टाकलेली आहेत, हे फार चांगलं काम झालंय, त्यामुळे हॉटेलात बसूनच वाचली. दर आठवड्याच्या मीटिंगची सुरुवात छापील तक्त्यानं, गेल्या शनिवारी आत किती, नवीन किती, गेले किती, मेले किती, आजारी किती. मग टेंडरं, मक्याचं पीठ, दूध, शवपेट्या, सगळं एकाच पानावर.

इथल्या युनिव्हर्सिटीनं केलेला लँडेड इस्टेट्सचा डेटाबेसपण आहे, कनॉट आणि मन्स्टर या प्रांतांमधल्या इस्टेटी, त्यांची घरं आणि कुठली कागदपत्रं कुठल्या दप्तरखान्यात आहेत याच्या नोंदी. कुणाला सुरुवात करायची असेल तर माझं ऐका, आधी तिथं गावाच्या नावावरून इस्टेट शोधा, मग कागदांच्या मागे लागा. एका इस्टेटीचे कागद तीन-चार ठिकाणी विखुरलेले असतात आणि नुसतं फिरत बसलं तर जन्म जाईल.

शनिवार-रविवार

दप्तरखाने बंद. शनिवारी मावशीनं गॉलवेच्या बाजारात चीज घेतलं, रविवारी बेलफास्टपर्यंत लांबचा प्रवास, दोघी दमलो.

सोमवार, बेलफास्ट

उत्तर आयर्लंडचं पब्लिक रेकॉर्ड ऑफिस, लोक त्याला प्रोनी म्हणतात, टायटॅनिक क्वार्टरमध्ये नवीन इमारतीत आहे. उत्तरेकडच्या सगळ्या 28 युनियनचं दप्तर एकाच छताखाली, आणि मोठ्या इस्टेटींचंही. आपल्याला हवं ते कॉम्प्युटरवरून मागवायचं आणि टेबलावर वाट बघायची.

यादी चाळताना मावशी एकदम म्हणाली, "डफरीन? आपल्या डफरीन चौकातला?" तोच. 1884 ते 1888 व्हाइसरॉय असलेला लॉर्ड डफरीन, त्याची इस्टेट इथंच बेलफास्टजवळ क्लँडबॉय, त्याचे कागद इथं आहेत, कुळांचे हिशोब एका भागात आणि कलकत्ता-सिमल्याचा पत्रव्यवहार दुसऱ्या. सोलापुरातलं बायकांचं हॉस्पिटल ज्या नावानं ओळखलं जातं ते याच घराचं, लेडी डफरीननं 1885 मध्ये भारतात बायकांच्या वैद्यकीय मदतीसाठी फंड काढला होता. आणि हा डफरीन विशीत, ऑक्सफर्डला शिकत असताना, 1847 मध्ये मित्राबरोबर दुष्काळ बघायला थेट आयर्लंडच्या दक्षिण टोकाकडच्या स्किबरीन गावापर्यंत गेला होता, परत येऊन जे बघितलं ते छापलं आणि मदतीला पैसेही दिले. पुढे मात्र त्यानं जमीनदारांची बाजू हिरीरीनं मांडली. मला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात, माणूस एका बाजूनंच वाचायचा नसतो.

दुपारी लर्गन युनियनचं 1847 चं मिनिट्स बुक मागवलं आणि सोबत ब्राउनलो इस्टेटीच्या वह्या, कारण लर्गनची जमीन ब्राउनलोंची आणि बोर्डाचा चेअरमन त्याच घरचा लॉर्ड लर्गन. फेब्रुवारी 1847 च्या पहिल्या आठवड्यात या एका वर्कहाऊसमध्ये 95 माणसं मेली. डब्लिनच्या पुअर लॉ कमिशनर्सनी जाब विचारला. डॉक्टरनं उत्तर दिलं की लोक आत येतात तेच मरायला टेकलेले असतात, आणि आत कपडे पुरत नाहीत, धुतलेले वाळत नाहीत, बिछाने ओले. एप्रिलमध्ये लॉर्ड लर्गन स्वतः तापानं गेला.

मावशीनं दोन्ही शेजारी शेजारी उघडून ठेवले, एका हाताचं बोट वहीतल्या गावांच्या नावांवर आणि दुसऱ्या हातातल्या पेन्सिलीनं आपल्या डायरीत तीच गावं उतरवणं. कुठल्या गावचं कूळ कुठल्या वर्षी वहीतून गेलं हे आधी लिहायचं आणि मग रजिस्टरात त्या गावचं कोण कोण आलं हे शोधायचं, ही तिची पद्धत, जमाबंदी तपासायला आयुष्यभर वापरलेली. बंद व्हायची वेळ झाली तेव्हा जेमतेम दोन गावं झाली होती. दाखल रजिस्टरं आणि पुढच्या वर्षाच्या वह्या मंगळवारसाठी मागवून ठेवल्यात, डब्लिनला परत जायचं तिकीट बुधवारवर ढकललंय, आणि ऑफिसला मी कळवून टाकलंय.